सक्तीचा विमा आणि सक्तीचा कर

“गाडीची किंमत वर्षागणिक उतरते, मग तिच्या विम्याचा हप्ता वर्षागणिक का चढतो, हे आपण कोणाला तरी विचारून आम्हांला सांगाल काय?” माशेलकडचे एक सेवानिवृत्त शिक्षक परवा आमच्या कचेरीत आले आणि खुर्चीवर बसण्यापूर्वीच त्यांनी हा प्रश्न विचारला. त्यांच्या हातात विम्याच्या नूतनीकरणाचा कागद होता. गाडी नऊ वर्षांची, बाराशे सीसीची, लहानशी. ती अंगणातून बाहेर पडते ती पत्नीला बांबोळीच्या इस्पितळात तपासणीसाठी न्यायचे असते तेव्हा, आठवड्याच्या बाजाराला आणि वर्षातून दोनचारदा जत्रेला किंवा लग्नकार्याला. इतक्या वर्षांत मास्तरांनी विमा कंपनीकडे एक पैसाही मागितलेला नाही. तरीही कागदावरचा आकडा पाहून गाडी ठेवावी की विकून टाकावी, असा विचार त्यांच्या मनात घोळू लागला होता. निवृत्तिवेतनावर संसार चालविणाऱ्या माणसाच्या मनात तो येणे स्वाभाविक आहे.

मास्तरांचा प्रश्न हा एकट्या मास्तरांचा नव्हे. गोव्यात मोटार किंवा स्कूटर ही चैनीची वस्तू राहून किती वर्षे झाली! या लहानशा राज्यात नोंदणी झालेल्या वाहनांची संख्या लोकसंख्येच्या बरोबरीला जाऊन पोचली आहे. त्याला गोमंतकीयांची हौस थोडीफार कारणीभूत असेल. परंतु खरे कारण आहे ते सार्वजनिक वाहतुकीचा तोकडेपणा. कदंब वाहतूक महामंडळ १९८० साली स्थापन झाले, मुख्य रस्त्यांवर त्याच्या आणि खासगी मालकांच्या बसगाड्या धावतात. पण दिवेलागण झाली की आतल्या वाड्यांवर परतणाऱ्या माणसाला बस मिळेलच याची शाश्वती नाही. वेर्णे किंवा कुंडई येथील कारखान्यात दुसऱ्या पाळीला जाणारा कामगार, रात्रपाळी संपवून घरी परतणारी परिचारिका, पहाटे जेटीवरून मासळी उचलून गावोगाव फिरणारा विक्रेता, आणि ज्याच्या पाठीमागे बसून आपण सर्वांनी कधी ना कधी प्रवास केला आहे तो पिवळ्या-काळ्या मोटारसायकलवरचा पायलट, या सर्वांचे वाहन हे त्यांचे पाय आहेत. त्या पायांना पडणारा भुर्दंड हा पोटावरच पडतो.

तेव्हा विमाच नको, असे म्हणणारेही काही लोक भेटतात. त्यांच्याशी आम्ही सहमत होऊ शकत नाही. वाहन-विम्याच्या सक्तीमागील तत्त्व मुळातून समजून घेतल्याशिवाय या प्रश्नाचा न्याय्य विचार होणार नाही.

वाहनाच्या विम्याचे दोन स्वतंत्र भाग असतात आणि आपल्याकडे ते एकाच कागदावर छापले जात असल्यामुळे सर्वसामान्य माणसाच्या मनात त्यांची सरमिसळ झालेली असते. पहिला भाग स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. तो घ्यावा की न घ्यावा, हे मालकाच्या मर्जीवर असते. दुसरा भाग त्रयस्थाच्या नुकसानीचा, ज्याला आपण सारे ‘थर्ड पार्टी’ म्हणून ओळखतो. आपल्या गाडीमुळे रस्त्यावरचा दुसरा कोणी मरण पावला किंवा जायबंदी झाला, तर त्याला किंवा त्याच्या वारसांना द्यावयाच्या भरपाईची ही तरतूद आहे. ब्रिटनने १९३० च्या रस्ते वाहतूक कायद्याने हा विमा सक्तीचा केला. हिंदुस्थानात १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात तशी तरतूद आली आणि १९४६ पासून ती अंमलात आली. आज लागू असलेल्या १९८८ च्या कायद्याचे कलम १४६ तेच सांगते: त्रयस्थाचा विमा नसलेले वाहन सार्वजनिक रस्त्यावर आणता येणार नाही.

ही सक्ती कशासाठी, हे एका साध्या हिशेबाने कळेल. पंचवीस वर्षांचा एक तरुण आहे. स्वतःचा लहानसा व्यवसाय करून तो महिन्याला २० हजार रुपये कमावतो. घरी बायको आणि दोन मुले. एका संध्याकाळी कोणाच्या तरी गाडीची धडक बसून तो जागच्या जागी गेला. त्याच्या कुटुंबाला किती भरपाई मिळावी? सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा खटल्यात २००९ साली आणि प्रणय सेठी खटल्यात २०१७ साली यासाठी निश्चित सूत्र घालून दिले आहे. वार्षिक उत्पन्न २ लाख ४० हजार. पुढील आयुष्यात कमाई वाढली असती, त्यापोटी त्यात ४० टक्क्यांची भर. म्हणजे ३ लाख ३६ हजार. त्यातून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा एक तृतीयांश वजा केला की राहतात २ लाख २४ हजार. या वयाचा गुणक १८. गुणाकार करून पाहा: ४० लाख ३२ हजार रुपये. अंत्यविधी वगैरेंच्या रकमा याखेरीज. ज्याच्या गाडीने ही धडक दिली तो एखादा कारकून असेल, रिक्षावाला असेल. त्याने ४० लाख रुपये आणायचे कोठून? घर विकून आणायचे म्हटले तर एकाऐवजी दोन कुटुंबे रस्त्यावर येतील. अशा वेळी त्या विधवेच्या पदरात काही पडते ते केवळ या सक्तीच्या विम्यामुळेच.

मास्तरांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथेच मिळते. गाडी जुनी होते तशी तिची विमा-किंमत घसाऱ्याप्रमाणे उतरते आणि स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचा हप्ताही सामान्यतः उतरतो. परंतु गाडी जुनी झाली म्हणून तिच्याखाली सापडणाऱ्या माणसाच्या जिवाचे मोल उतरत नाही. ते वाढतच जाते, कारण माणसांची कमाई वाढते आणि न्यायालये भरपाई देताना पूर्वीपेक्षा अधिक न्यायाने विचार करतात. ही भरपाईची वाढ आम्ही इष्टच मानतो. तिचा बोजा सर्व वाहनधारकांनी थोडा थोडा उचलावा, हेही योग्यच.

प्रश्न उरतो तो एवढाच, की सामान्य वाहनचालकाच्या माथ्यावर येणारा सगळा बोजा या न्याय्य कारणासाठीच आहे काय? आकडे काय सांगतात ते पाहू. १ जानेवारी १९७३ पासून सर्वसाधारण विमा हा चार सरकारी कंपन्यांचा व्यवसाय होता. पुढे खासगी कंपन्या आल्या आणि २००७ पासून स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचे दर ठरविण्याची मोकळीक कंपन्यांना मिळाली. थर्ड पार्टीचे दर मात्र सरकारी यंत्रणाच ठरविते. हजार ते पंधराशे सीसीच्या, म्हणजे मध्यमवर्गीयाच्या सर्वसाधारण मोटारीचा थर्ड पार्टी हप्ता २०१५-१६ साली १,५९८ रुपये होता. जून २०२२ पासून लागू झालेल्या अधिसूचनेने तो ३,४१६ रुपये केला. सात वर्षांत दुपटीहून अधिक! याच काळात हजार सीसीखालील मोटारीचा दर १,४६८ वरून २,०९४ वर आणि पंधराशे सीसीवरील मोठ्या मोटारीचा ४,९३१ वरून ७,८९७ वर गेला. म्हणजे टक्केवारीने पाहू जाता सर्वांत मोठा फटका बसला तो मधल्या मोटारवाल्याला. दुचाकीच्या बाबतीत न्यायाने सांगायला हवे की ७५ ते १५० सीसीच्या गाडीचा दर २०२२ मध्ये ७५२ वरून ७१४ वर उतरला.

दर वाढविण्यामागे दाव्यांच्या रकमा आहेत, असे सांगितले जाते, आणि वर दिलेला हिशेब पाहता ते खोटे नाही. परंतु ज्या वस्तूचा दर सरकार ठरविते आणि जी घेतल्यावाचून नागरिकाला गत्यंतर नाही, तिच्या दराचा संपूर्ण ताळेबंद लोकांपुढे ठेवणे हे सरकारचे कर्तव्य ठरते. कोणत्या वर्गाच्या वाहनांमुळे किती दावे आले, किती रक्कम प्रत्यक्ष पीडितांच्या हाती पडली आणि किती वकील, दलाल व कचेऱ्यांच्या खर्चात गेली, हे साध्या भाषेत प्रसिद्ध व्हावे. हिशेब दाखविणाऱ्याच्या हाती माणूस विश्वासाने पैसे ठेवतो.

याहून गंभीर अन्याय आहे तो कराचा. जून २०१५ मध्ये विम्यावर १४ टक्के सेवा कर होता. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि तो १८ टक्क्यांवर गेला. त्यामुळे मधल्या मोटारवाल्याचे ३,४१६ रुपये प्रत्यक्षात ४,०३१ होतात आणि स्कूटरवाल्याचे ७१४ रुपये ८४३ होतात. नवी गाडी घेणाऱ्याची स्थिती तर आणखी बिकट. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. आदेशामागचा हेतू चांगला होता. पण २०२२ च्या दराने साध्या दुचाकीचे पाच वर्षांचे ३,८५१ रुपये आणि मधल्या मोटारीचे तीन वर्षांचे १०,६४० रुपये आगाऊ भरताना त्यावरचा १८ टक्के करही आगाऊच द्यावा लागतो.

आता या करामागचे तर्कशास्त्र पाहा. शासन नागरिकाला सांगते, तू हा विमा घेतलाच पाहिजेस, नाही तर दंड होईल, तुरुंगही होईल. नागरिक तो घेतो. मग शासन म्हणते, तू ही सेवा विकत घेतलीस, आता तिच्यावर कर दे! स्वतःच्या सुखासाठी घेतलेल्या वस्तूवरचा कर समजू शकतो. येथे नागरिक जे पैसे भरतो ते रस्त्यावरच्या अनोळखी माणसाच्या पोरांच्या अन्नासाठी. कायद्याने लादलेल्या कर्तव्याच्या पालनावर कर बसविणे हे कोणत्या नीतिशास्त्रात बसते?

हा प्रश्न आम्ही आजच इतक्या तीव्रतेने विचारतो, त्याला कारण आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून व्यक्तिगत आयुर्विमा आणि आरोग्यविमा यांच्यावरील वस्तू व सेवा कर सर्वस्वी उठविण्यात आला. त्या निर्णयाचे स्वागतच केले पाहिजे. त्याच वेळी मालवाहू वाहनांच्या थर्ड पार्टी विम्यावरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणला गेला. मालवाहतूक स्वस्त झाली तर बाजार स्वस्त होईल, हाही विचार योग्य. परंतु खासगी मोटारीच्या आणि स्कूटरच्या सक्तीच्या विम्यावरचे १८ टक्के मात्र तसेच ठेवण्यात आले. जो आरोग्यविमा ऐच्छिक आहे त्याला शून्य, जो ट्रक धंद्यासाठी फिरतो त्याला पाच, आणि जी स्कूटर पोटापाण्यासाठी कामावर जाते तिला अठरा! नोंदणीकृत व्यापाऱ्याला आपल्या खर्चावरचा कर अनेक बाबतींत वळता करून घेता येतो. मास्तरांना आणि परिचारिकेला तो कोठे वळता करून मिळणार?

हे बदलणे गोव्याच्या हाताबाहेरचे आहे, असे म्हणून कोणी हात झटकू नयेत. वस्तू व सेवा कर परिषदेत प्रत्येक राज्याच्या मताचे वजन सारखेच असते. उत्तर प्रदेशाचे जेवढे, तेवढेच गोव्याचे. या परिषदेची एक बैठक सप्टेंबर २०१९ मध्ये पणजीतच भरली होती. घरटी वाहन असलेल्या राज्याने हा प्रश्न परिषदेत मांडायचा नाही, तर मांडायचा कोणी? गोवा सरकारने थर्ड पार्टी विमा करमुक्त करण्याचा प्रस्ताव रीतसर पाठवावा, अशी आमची आग्रहाची मागणी आहे.

कराच्या खालोखाल खिसा कापला जातो तो विक्रेत्याच्या दालनात. नवी गाडी घेणारा माणूस आनंदात असतो, मुहूर्ताची घाई असते, आणि त्या गडबडीत त्याच्यापुढे विम्याचा तयार कागद सरकविला जातो. मास्तरांच्या कागदावरही त्यांनी कधी न मागितलेली तीन-चार जादा कलमे बारीक अक्षरांत छापलेली आम्हांला आढळली. विमा त्याच दालनातून घेतला पाहिजे, असे कोणताही कायदा म्हणत नाही. मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमाही २०१९ पासून वेगळा घेता येतो आणि आधीच घेतलेला असेल तर पुन्हा प्रत्येक गाडीमागे घेण्याची गरज नसते. मध्यस्थांच्या दलालीवर पूर्वी प्रकारवार मर्यादा होती. २०२३ पासून ती काढून कंपनीच्या एकूण खर्चावरच मर्यादा ठेवण्यात आली. त्यामुळे आपल्या हप्त्यातले किती रुपये दलालीत गेले, हे ग्राहकाला कळण्याचा मार्ग उरलेला नाही. तो आकडा प्रत्येक पॉलिसीवर छापण्याचे बंधन नियामकाने घालावे.

जादा कलमांविषयी वाचकांना दोन शब्द सांगणे आवश्यक वाटते. साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या व रबराच्या भागांची निम्मीच किंमत मिळते. त्यासाठी घसारामाफीचे कलम नव्या गाडीला उपयोगी पडते. तुंबलेल्या पाण्यात गाडी सुरू करून इंजिन निकामी झाले, तर साधी पॉलिसी ते नुकसान सहसा देत नाही. सखल भागात राहणाऱ्याने इंजिनाचे कलम घेतलेले बरे. मात्र खाऱ्या वाऱ्याने पत्रा गंजला तर तो कोणताही विमा भरून देत नाही. नऊ वर्षांच्या गाडीला यातले किती हवे, हे ज्याने त्याने ठरवावे. ज्याची गाडी फारशा किमतीची उरलेली नाही, त्याने केवळ थर्ड पार्टी विमा घेतला तरी कायद्याचे समाधान होते.

आता चांगल्या चालकाला मिळणाऱ्या वागणुकीविषयी. अनेक वर्षे दावा न करणाऱ्याला ‘नो क्लेम बोनस’ मिळतो, तो २० टक्क्यांपासून चढत ५० टक्क्यांपर्यंत जातो. परंतु ही सवलत फक्त स्वतःच्या नुकसानीच्या भागावर. थर्ड पार्टीच्या हप्त्यात, तीस वर्षे एकाही पादचाऱ्याला धक्का न लावलेले मास्तर आणि दारू पिऊन किनारी रस्त्यांवर सुसाट धावणारा उनाड एकाच पंक्तीला! सुक्याबरोबर ओलेही जळते, म्हणतात ते असे. विमा नियामकाच्या एका कार्यगटाने २०२१ मध्ये वाहतूक नियमभंगाची नोंद हप्त्याशी जोडावी, अशी शिफारस केली होती. चलने बिनचूक असतील आणि चुकीच्या चलनाविरुद्ध दाद मागण्याची सोय असेल, तर ही शिफारस न्याय्य आहे. जुलै २०२२ पासून गाडी जेवढी चालेल तेवढा हप्ता, अशी कलमे देण्याची मुभा कंपन्यांना मिळाली. पण तीही स्वतःच्या नुकसानीपुरतीच.

हप्ता वाढण्याचे मूळ शेवटी रस्त्यावर आहे, हे विसरून चालणार नाही. आपल्या या चिमुकल्या राज्यात दरवर्षी अडीचशे-तीनशे माणसे रस्त्यांवर प्राणांस मुकतात. त्यांत मोठा भरणा दुचाकीस्वारांचा. प्रत्येक मृत्यूचा दावा कोठल्या तरी न्यायाधिकरणापुढे उभा राहतो आणि त्याची झळ पुढच्या वर्षीच्या दरात सर्वांना लागते. खड्डे, अंधारी वळणे, अर्धवट सोडलेली कामे, परवान्याविना भाड्याने दिल्या जाणाऱ्या खासगी गाड्या, या सर्वांकडे कानाडोळा करणारे सरकार विम्याच्या महागाईत भागीदार आहे. खासगी नोंदणीची गाडी पर्यटकाला भाड्याने देणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे की अशा गाडीला अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते आणि चार पैशांच्या लोभापायी सारे घरदार पणाला लागते.

या महागाईचा सर्वांत भयंकर परिणाम दिसतो तो विमा न उतरविणाऱ्यांच्या संख्येत. देशातील निम्म्याहून अधिक वाहने विम्याविना धावत असल्याचे सरकारी पातळीवरच मान्य झाले आहे. त्यांत दुचाकी अधिक. खरेदीच्या वेळी घेतलेला पाच वर्षांचा विमा संपतो आणि सहाव्या वर्षी त्याची आठवण कोणालाच राहत नाही. विमा नसल्यास पहिल्या गुन्ह्याला दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद आहे. तरीही पकडले जाणार नाही, या भरवशावर माणसे दिवस ढकलतात. हप्ता जितका जड, तितका हा भरवसा मोठा. आणि एके दिवशी अशा विनाविमा स्कूटरखाली कोणी सापडतो, तेव्हा न्यायाधिकरण ४० लाखांचा निवाडा देते खरे. पण मालकाकडे चार हजारही नसतात. त्या विधवेच्या हाती उरतो तो निवाड्याचा कागद. करापोटी तिजोरीत पडलेले १२९ रुपये तिच्या काय कामाचे?

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे: सक्तीचा विमा करमुक्त करा, त्याच्या दराचा हिशेब लोकांना दाखवा, दलाली उघड करा, चांगल्या चालकाला थर्ड पार्टीच्या हप्त्यातही सवलत द्या, आणि रस्ते सुधारा. यांतली एकही मागणी पीडितांच्या भरपाईतून एक पैसा कमी करणारी नाही, हे कोणीही ताडून पाहावे.

मास्तरांना आम्ही एवढेच सांगितले, की जादा कलमे काढून घ्या, दोन-तीन ठिकाणी दर विचारा, पण थर्ड पार्टीचा विमा एक दिवसही खंडित होऊ देऊ नका. त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि उठता उठता म्हणाले, “माझ्या गाडीखाली कोणी येऊ नये म्हणून मी जपतोच. आला तर त्याच्या पोरांचे हाल होऊ नयेत म्हणून पैसेही भरीन. पण त्यावर कर कशाचा, हे तेवढे सरकारला विचारा.”

मास्तरांच्या वतीने तो प्रश्न आम्ही येथे विचारीत आहोत. उत्तर देण्याची जबाबदारी आता राज्यकर्त्यांची आहे.